बसलेली बॅटरी

सुताराच्या पेटीतील रंधा, पटाशी आणि करवत ही हत्यारे पूर्वी पिढीजात असत. आजोबांच्या तळहाताने गुळगुळीत झालेला रंध्याचा ठोकळा नातवाच्या हाती येई, आणि पाते झिजले तर लोहाराकडून नवे बसवून घेतले की हत्यार पुन्हा कामाला हजर होई. विजेच्या वायरवर चालणारी ड्रिल मशिने आली तेव्हाही या परंपरेत फारसा खंड पडला नाही, कारण त्यांतील कार्बन ब्रश, बेअरिंग किंवा बटण हे भाग वापराने झिजतात, आणि झिजलेला भाग बदलून तेच यंत्र दहा-वीस वर्षे चालविणारे मिस्त्री आजही गावोगाव आढळतात. बॅटरीवरील हत्याराने मात्र कारागिराच्या पेटीत असा एक जिन्नस आणून ठेवला, की जो वापरला नाही तरी त्याला जरा येते. कपाटात कोरी ठेवलेली बॅटरी, कारखान्यातून बाहेर पडल्या दिवसापासून, कोणी तिला हात लावो वा न लावो, थोडीथोडी क्षीण होत असते. आणि ती केव्हा सावकाश क्षीण होते व केव्हा झपाट्याने, याची माहिती खरेदीदारांपैकी फार थोड्यांना असल्यामुळे, आपल्याकडे बॅटऱ्या जितक्या कामाने मरतात त्याहून अधिक त्या ठेवण्याच्या रीतीने मरतात, असे प्रस्तुत लेखकाचे मत झाले आहे.

विश्वसनीयता आणि आयुर्मान हे दोन गुण नेहमीच्या बोलण्यात एकच समजले जातात, परंतु बॅटरीच्या बाबतीत ते वेगळे करून पाहिल्यावाचून तिचा कारभार उमगत नाही. १९६१ साली अमेरिकेतील ब्लॅक अँड डेकर या कंपनीने वायर नसलेले पहिले ड्रिल बाजारात आणले, आणि त्यानंतर अवघ्या दहा वर्षांनी अपोलो १५ या मोहिमेचा नायक डेव्हिड स्कॉट हा चंद्राच्या पृष्ठभागावर बॅटरीवर चालणाऱ्या ड्रिलने भोके पाडीत होता. जमिनीच्या पोटातील उष्णता मोजण्यासाठी सुमारे तीन मीटर खोल भोक हवे होते. ते निम्म्यावरच अडले. परंतु त्या अपयशाचा ठपका बॅटरीवर येत नाही: भोकातील माती वर आणणाऱ्या सळ्यांवरील मळसूत्री खाचा सांध्यापाशी खंडित होत्या, माती तेथे तुंबली, आणि सळी जागच्या जागी जखडली. बॅटरीने आपली कामगिरी इमानेइतबारे बजावली. मात्र तिच्याकडून अपेक्षा होती ती काही तासांच्या कामाची. दोन वर्षांनी तिची काय अवस्था होईल हा प्रश्न तिला कोणी विचारला नव्हता आणि विचारण्याचे कारणही नव्हते. ठाण्यातील एखाद्या फर्निचरवाल्याला किंवा सांगलीतील एखाद्या प्लंबरला मात्र नेमका तोच प्रश्न पडतो, आणि त्याचे उत्तर चंद्रावर गेलेल्या हत्याराकडे नसून बॅटरीच्या पोटातील रसायनाकडे आहे.

पहिली चाळीस-पंचेचाळीस वर्षे हे रसायन निकेल आणि कॅडमियम यांचे होते. स्वीडनच्या वाल्डेमार युंग्नर याने १८९९ साली शोधलेली ही बॅटरी वजनाने जड, सेलमागे जेमतेम १.२ व्होल्ट देणारी, त्यामुळे अठरा व्होल्टसाठी पंधरा सेल एका ओळीत मांडण्यास भाग पाडणारी, आणि न वापरताही महिन्याकाठी दहावा हिस्सा किंवा त्याहून अधिक भार गमावणारी होती. परंतु प्रकृतीने मोठी चिवट. ती पूर्ण उतरलेली राहिली तरी सहसा बिघडत नसे, थंडी सोशी, आणि नीट निगा राखल्यास हजाराच्या आसपास वेळा चार्ज होई. तिची एक खोड मात्र फार गाजली. कृत्रिम उपग्रहांतील बॅटऱ्या प्रत्येक प्रदक्षिणेत ठरावीक प्रमाणातच उतरत आणि पुन्हा भरत. अशा शेकडो आवर्तनांनंतर त्या ठरावीक मर्यादेपलीकडे शक्ती देईनाशा झाल्याचे दिसून आले, आणि या प्रकाराला ‘मेमरी’ असे नाव पडले. त्यावर उपाय म्हणून बॅटरी अधूनमधून पूर्ण उतरवावी असा सल्ला निघाला. कॅडमियम विषारी असल्यामुळे युरोपीय संघाने त्यावर निर्बंध घातले, हत्यारांना दिलेली सवलतही २०१६ च्या अखेरीस संपविली, आणि ती बॅटरी पडद्याआड गेली; सल्ला मात्र मागे राहिला. ‘मशीन पार बंद पडेपर्यंत चालव, मगच चार्जिंगला लाव’ असे आजही जुना मिस्त्री नव्या पोऱ्याला बजावतो, आणि जी रीत एका बॅटरीचे औषध होती तीच दुसरीचे आयुष्य घटविते.

ही दुसरी बॅटरी लिथियम-आयनची. सोनी कंपनीने १९९१ साली ती प्रथम बाजारात आणली, आणि तिच्या पायाभूत संशोधनासाठी व्हिटिंगहॅम, गुडइनफ आणि योशिनो या तिघांना २०१९ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. कॅमेरे आणि फोन यांतून ती हत्यारांत येण्यास बराच अवधी लागला, कारण फोनला मंद धार पुरते, तर ड्रिलला क्षणात लोंढा लागतो. २००५ च्या सुमारास मिलवॉकी व माकिता या कंपन्यांनी तो प्रश्न सोडवून लिथियमची हत्यारे विक्रीस काढली. हिचा एक सेल सरासरी ३.६ व्होल्ट देतो, म्हणून पाच सेल एका ओळीत जोडले की अठरा व्होल्ट होतात. तोच सेल काठोकाठ भरला असता ४.२ व्होल्ट दाखवितो, म्हणजे पाचांचे एकवीस. आणि अमेरिकेत काही कंपन्या त्याच पाच सेलांच्या बॅटरीवर ‘२० व्होल्ट मॅक्स’ असे छापतात. अठरा, वीस आणि एकवीस ही एकाच वस्तूची तीन नावे आहेत, एवढे समजले तरी दुकानदाराशी होणारा अर्धा वाद मिटतो. आपल्या बाजारात याच पाच सेलांच्या बॅटरीवर ४८, ८८, क्वचित १२८ असे आकडे मोठ्या अक्षरांत छापलेले आढळतात. ते आकडे व्होल्टचे नव्हेत, आणि कशाचे आहेत हे छापणाऱ्यालाही सांगता येणार नाही.

आता या सेलच्या पोटात काय घडते ते पाहू. सेल म्हणजे सामान्यतः १८ मिलिमीटर व्यासाची आणि ६५ मिलिमीटर उंचीची एक धातूची नळकांडी. तिच्यात तांब्याच्या पत्र्यावर पसरलेले ग्रॅफाइट आणि ॲल्युमिनियमच्या पत्र्यावर पसरलेले धातूंचे ऑक्साइड अशा दोन लांबच लांब पट्ट्या, मध्ये सच्छिद्र पडदा घालून, घट्ट गुंडाळलेल्या असतात, आणि सर्व काही एका ज्वालाग्राही द्रवात भिजलेले असते. चार्ज करताना लिथियमचे आयन ऑक्साइडमधून निघून ग्रॅफाइटच्या थरांत शिरतात. काम करताना परततात. कारखान्यात पहिल्यांदा चार्ज होताना ग्रॅफाइटच्या पृष्ठभागावर त्या द्रवापासून एक अतिशय पातळ साय धरते, आणि ही साय धरली म्हणूनच सेल सुरक्षित राहतो, कारण तिच्यामुळे द्रव आणि ग्रॅफाइट यांचा पुढील संघर्ष थांबतो. परंतु तो पूर्णपणे कधीच थांबत नाही. साय हळूहळू जाड होत जाते, जाड होताना आपल्यात थोडे थोडे लिथियम कायमचे अडकवून ठेवते, आणि आयनांची वाटही अधिकाधिक अवघड करते. अडकलेले लिथियम म्हणजे घटलेली क्षमता. अवघड झालेली वाट म्हणजे वाढलेला अंतर्गत रोध. बॅटरीचे वार्धक्य म्हणतात ते बव्हंशी या दोन गोष्टींचे मिळून बनलेले आहे. वारंवार भरण्या-उतरण्याने ऑक्साइडच्या कणांना तडे जातात तो भाग यात आणखी मिळवावा.

ही साय कोणत्या वेगाने जाड होते याचे नियमन दोन गोष्टी करतात: उष्णता आणि भार. बॅटरीविषयक वाङ्मयात वारंवार दिला जाणारा एक तक्ता असा आहे की, चाळीस टक्के भरलेली बॅटरी २५ अंश सेल्सिअसला वर्षभर नुसती ठेवली तर तिची क्षमता सुमारे ९६ टक्के उरते. तीच बॅटरी पूर्ण भरून त्याच तापमानाला ठेवली तर ८० टक्के. तापमान ४० अंश केले की हे आकडे अनुक्रमे ८५ आणि ६५ होतात. कंपनीनुसार व रसायनानुसार यांत फरक पडतो, तरीही तक्त्याचा आशय पक्का आहे: जी बॅटरी पूर्ण भरून उकाड्यात ठेवली, तिचा तिसरा हिस्सा एका वर्षात, एकही स्क्रू न फिरविता, नाहीसा होतो. आता चंद्रपूर किंवा अकोला येथील मे महिना डोळ्यांसमोर आणावा. सावलीतले तापमानच पंचेचाळीस अंशांना शिवते. पत्र्याच्या शेडमधील किंवा उन्हात उभ्या केलेल्या टेम्पोच्या डिकीतील तापमान त्याच्याही वर जाते. दिवाळीत घेतलेले मशीन ‘लागेल तेव्हा तयार असावे’ म्हणून पूर्ण चार्ज करून अशा शेडमधील लोखंडी पेटीत ठेवणारा माणूस, आपण वस्तू जपून ठेवली या समाधानात असतो, आणि पावसाळ्याच्या तोंडी पेटी उघडून ‘कंपनी पूर्वीसारखी राहिली नाही’ असा निर्वाळा देतो. कंपनीचा त्यात फारसा दोष नसतो. महिना-दोन महिने काम नसेल तर बॅटरी अर्ध्यावर आणून, मशीनमधून काढून, घरातील सर्वांत थंड खोलीत ठेवावी. शेडमध्ये मशीन राहिले तरी चालेल, बॅटरी घरी न्यावी.

थंडीचा प्रश्न आपल्याकडे उद्भवत नाही, पण टोरंटो किंवा न्यू जर्सीत गॅरेजमध्ये हत्यारे ठेवणाऱ्या मराठी मंडळींनी हे ध्यानात ठेवावे की गोठणबिंदूखाली बॅटरी ठेवणे तितकेसे बाधक नाही, चार्ज करणे बाधक आहे. त्या थंडीत लिथियम ग्रॅफाइटच्या आत न शिरता त्याच्या पृष्ठभागावर धातूच्या रूपाने साचते, आणि हे नुकसान भरून येत नाही. चांगला चार्जर म्हणूनच गारठलेली बॅटरी स्वीकारत नाही, आणि कामावरून नुकतीच काढलेली गरम बॅटरीही तो काही वेळ दिवा लुकलुकवीत थांबवून ठेवतो. पुष्कळांना हा चार्जरचा बिघाड वाटतो.

वाढलेल्या रोधाचा परिणाम मात्र थोडे गणित करून पाहण्यासारखा आहे, कारण रोजच्या कामात ‘बॅटरी बसली’ अशी जी तक्रार ऐकू येते तिचे रहस्य क्षमतेत नसून रोधात असते. नव्या सेलचा अंतर्गत रोध साधारण वीस मिलिओहम धरू. पाच सेलांचा मिळून ०.१ ओहम. लोखंड कापणारा ग्राइंडर जोरात दाबला असता तीस अँपिअर ओढतो असे समजा. तर ३ व्होल्ट बॅटरीच्या आतच गळतात, आणि ९० वॉट उष्णता एका मुठीएवढ्या डब्यात निर्माण होते. बॅटरी जुनी होऊन रोध दुप्पट झाला की गळती ६ व्होल्टची होते. अठराचे बारा उरतात. संरक्षक सर्किटला वाटते की बॅटरी रिकामी झाली, आणि ते मशीन बंद करते. हात काढला की दाब नाहीसा होतो, व्होल्टेज पूर्ववत चढते, आणि बॅटरीवरचे तीन दिवे लखलखीत पेटलेले दिसतात. ‘दिवे तीन दाखवतेय, पण लोड घेत नाही’ असे कारागीर म्हणतो ते अक्षरशः खरे आहे: माल शिल्लक आहे, पण दरवाजा अरुंद झाला आहे. हीच बॅटरी स्क्रू फिरविण्याच्या हलक्या मशीनला लावली तर आणखी वर्षभर निमूटपणे चालते, आणि तिला भंगारात काढण्यापूर्वी हा प्रयोग अवश्य करावा.

त्याच गणितातून दुसरी एक गोष्ट निघते, जी कॅटलॉगमध्ये ठळकपणे कोणी सांगत नाही. मोठ्या बॅटरीत पाच जोड्या, म्हणजे दहा सेल असतात, आणि जोडीतील प्रत्येकाच्या वाट्याला तीसऐवजी पंधराच अँपिअर येतात. उष्णता प्रवाहाच्या वर्गाने वाढत असल्यामुळे दर सेलमागे ती निम्मी नव्हे तर चौथाई होते. म्हणून ग्राइंडर, गोल करवत आणि मोठे रोटरी हॅमर यांना छोटी बॅटरी लावणे म्हणजे तिला मुद्दाम भाजणे होय. मोठी बॅटरी एका चार्जमध्ये अधिक वेळ चालते म्हणून लोक ती घेतात; ती अधिक वर्षे चालते हे घेण्याचे त्याहून चांगले कारण आहे.

एका ओळीत जोडलेल्या सेलांचे भवितव्य परस्परांवर अवलंबून असते. पूर्वी जड लोखंडी नांगराला तीन-चार जोड्या बैल एकामागे एक जुंपीत, आणि त्यांतला एखादा बैल दमला तर उरलेले थांबत नसत, त्यालाच फरफटत नेत. बॅटरीतही दुबळा सेल आधी रिकामा होतो, आणि बाकीचे चार आपला प्रवाह त्याच्यातून जबरदस्तीने ढकलीत राहतात, त्यामुळे तो अधिकच खचतो. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर एका अरुंद गाळ्यात दुरुस्ती करणाऱ्या कारागिराने अशी एक बॅटरी आमच्यासमोर उघडली. चांदणीच्या आकाराच्या खाचेचे चार स्क्रू निघाले; आत सिमेंटची बारीक भुकटी, एका टोकाला किंचित काळवंडलेली निकेलची पट्टी, आणि हिरव्या सर्किटखाली दहा सेल दाटीने बसलेले. मल्टिमीटरची टोके त्याने एकेका जोडीला लावली आणि आकडे वाचले: ३.९४, ३.९५, ३.९३, ३.९४, आणि शेवटी २.११. ‘एकच जोडी बसलीय साहेब,’ तो म्हणाला, ‘बाकीच्यांना काही धाड भरलेली नाही.’ या पाच आकड्यांची बेरीज १७.८७ होते, बाहेरून मोजणाऱ्याला ही अठरा व्होल्टची बॅटरी ठणठणीत वाटावी, आणि तरीही चार्जर तिला घेईना, मशीन चालेना. दहांपैकी आठ सेल निरोगी असताना सबंध बॅटरी बाद ठरते, आणि बाजारात ‘मेलेली’ म्हणून फेकल्या जाणाऱ्या बॅटऱ्यांपैकी अनेकींची स्थिती हीच असते. मग ती एक जोडी बदलून भागेल काय, असे विचारता त्याने मान हलविली. नवी जोडी जुन्या चारांच्या बरोबरीने उतरत नाही आणि भरतही नाही, दोन महिन्यांत तफावत पुन्हा पडते. ‘दहाचे दहा बदलायचे तर बदलतो, पण एक जोडी बदलून माझ्याकडे गॅरंटी मागू नका.’ इतका स्पष्ट जबाब फार थोड्या व्यवसायांत मिळतो.

ती एक जोडी बसली कशामुळे, हा प्रश्न उरतोच. कधी सेल मुळातच किंचित कमी क्षमतेचा असतो. कधी मधला सेल चहूबाजूंनी वेढलेला असल्यामुळे कडेच्यांपेक्षा अधिक तापतो. आणि काही जुन्या बॅटऱ्यांत सर्किट स्वतःच्या गुजराणीची वीज पाचांपैकी एकाच गटातून घेत असे, त्यामुळे पडून राहिलेल्या बॅटरीत तो एकटा गट महिन्यामागून महिना झिजत जाई. सर्व गट समपातळीवर आणण्याची सोय प्रत्येक बॅटरीत असते असेही नाही. पुष्कळ कंपन्या सेल पारखून एकसारखे निवडतात आणि त्या निवडीवरच भिस्त ठेवतात. शिवाय काही बॅटऱ्यांतील चिपमध्ये फसलेल्या चार्जिंगची नोंद राहते, आणि काही फेऱ्यांनंतर ती बॅटरी कायमची कुलूपबंद होते. सुरक्षिततेच्या दृष्टीने हे फर्मान समर्थनीय आहे; परंतु ग्राहकाच्या पैशाच्या दृष्टीने, चार निरोगी गटांना पाचव्याच्या अपराधाबद्दल सरसकट शिक्षा देण्याचा हा न्याय आम्हाला काही केल्या पटत नाही.

पूर्ण उतरलेल्या अवस्थेत विसरून ठेवलेली बॅटरी हा याहून गंभीर प्रकार. सेलचे व्होल्टेज दोनच्याही खाली बराच काळ राहिले की त्यातील तांब्याचा पत्रा विरघळू लागतो, आणि पुढे चार्ज करताना तेच तांबे नको त्या जागी जमून आतल्या आत शॉर्ट होण्याची शक्यता निर्माण होते. चार्जर अशी बॅटरी नाकारतो तो याच भीतीने. तिला दुसऱ्या भरलेल्या बॅटरीच्या वायरी क्षणभर जोडून ‘जागी’ करण्याची युक्ती आपल्याकडे सर्रास चालते, आणि ती दहांत सात वेळा यशस्वी होते असे करणारे सांगतात; उरलेल्या तीन वेळांचा तपशील मात्र कोणी देत नाही. ज्वालाग्राही द्रवाने भरलेली ही वस्तू रात्री लाकडाच्या भुश्याशेजारी चार्जिंगला लावून झोपी जाणे हे धाडस नव्हे, अविचार होय.

नकली मालाचा विषय येथे टाळता येत नाही. १८ बाय ६५ मिलिमीटरच्या नळकांडीत आजच्या उत्तम कारखान्यांनाही साडेतीन हजार मिलिअँपिअर-तासांच्या आसपासच क्षमता बसविता येते. तेव्हा तिच्यावर ९९०० छापले असेल तर ते छापणाऱ्याच्या कल्पनाशक्तीचे माप आहे. मुंबईच्या नागदेवी स्ट्रीटवर हत्यारे घेताना एक साधी तपासणी कोणालाही करता येते: बॅटरी वजनकाट्यावर ठेवावी. या आकाराचा एक खरा सेल साधारण ४५ ग्रॅम भरतो, म्हणजे दहा सेलांचेच साडेचारशे ग्रॅम झाले, डबा व सर्किट निराळे. दहा सेलांची म्हणून विकली जाणारी बॅटरी चारशे ग्रॅमच भरली, तर आत पाच सेल आणि बाकी पोकळी आहे असे खुशाल समजावे. पाचच सेल असलेली, परंतु जाड नळकांडीची चांगली बॅटरीही अलीकडे निघाली आहे, तेव्हा सेल किती आणि कोणत्या आकाराचे हे आधी विचारून घ्यावे. उत्पादनाची तारीखही पाहावी, कारण वॉरंटीची मुदत बिलाच्या तारखेपासून मोजतात, आणि वार्धक्य कारखान्याच्या तारखेपासून सुरू झालेले असते. स्वस्तात मिळालेल्या ‘जुन्या स्टॉक’मधील सवलत पुष्कळदा त्या गेलेल्या वर्षांचीच असते.

पैशाचा हिशेब मांडला तर चित्र अधिक स्पष्ट होते. अठरा व्होल्ट, पाच अँपिअर-तासांच्या बॅटरीत ९० वॉट-तास, म्हणजे एका युनिटचा अकरावा हिस्सा वीज मावते. युनिटला दहा रुपये दर धरला आणि चार्जरमधील नासाडी सोडून दिली, तर एका चार्जची वीज नव्वद पैशांची. बॅटरीची किंमत पाच हजार धरून ती पाचशे वेळा चार्ज झाली असे मानले, तर प्रत्येक चार्जमागे दहा रुपये बॅटरीच्या झिजेचे पडतात. निगेअभावी तीच दोनशे फेऱ्यांत आटोपली तर पंचवीस. बॅटरीवरील हत्यार चालविणे म्हणजे वीज जाळणे नसून बॅटरी जाळणे आहे. म्हणूनच जेथे भिंतीवर प्लग आहे आणि काम एका जागी बसून करायचे आहे, तेथे वायरचा ग्राइंडर आणि वायरचे कटर हेच वापरावे असे आमचे आग्रहाचे सांगणे आहे. शिडीवर, गच्चीवर, वीज न पोहोचलेल्या बांधकामावर बॅटरीला तोड नाही, आणि तिचे आयुष्य अशा कामांसाठी राखून ठेवावे. जुने अनुभवी कारागीर दोन्ही बाळगतात. एका कंपनीची बॅटरी दुसरीच्या मशीनला बसत नाही, त्यामुळे पहिले मशीन घेताना आपण खरे तर पुढील दहा वर्षांची बॅटरी निवडीत असतो. काही युरोपीय कंपन्यांनी एकत्र येऊन समान बॅटरीचे तहनामे केले आहेत, पण बहुसंख्य बाजार अजून त्यांच्याबाहेर आहे.

परदेशातील नातेवाइकांकडून हत्यारे मागविणाऱ्यांसाठी दोन सूचना. सुट्या लिथियम बॅटऱ्या विमानाच्या पोटात जाणाऱ्या सामानात टाकता येत नाहीत, त्या हातातील बॅगेतच, टोके झाकून, आणाव्या लागतात. शंभर वॉट-तासांपर्यंत सहसा हरकत घेत नाहीत, त्यापुढे एकशे साठपर्यंत विमान कंपनीची परवानगी लागते. आणि अमेरिकेतील अनेक चार्जर केवळ १२० व्होल्टसाठी असतात. ते आपल्या २३० व्होल्टच्या प्लगमध्ये घातले की पहिल्याच दिवशी धूर सोडतात. बॅटरी तिकडून आणली तरी चार्जर इकडचाच घ्यावा.

आणि सर्व निगा राखूनही एक दिवस बॅटरी निकामी होतेच. केंद्र सरकारच्या २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार वापरलेल्या बॅटऱ्या परत गोळा करून त्यांची विल्हेवाट लावण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकलेली आहे, आणि ग्राहकाने त्या इतर कचऱ्यात मिसळू नयेत असे बंधन आहे. तेव्हा तिच्या टोकांवर चिकटपट्टी लावून ती कंपनीच्या सर्व्हिस सेंटरवर किंवा नोंदणीकृत ई-कचरा केंद्रावर नेऊन द्यावी. घंटागाडीत टाकू नये: कचरा दाबताना चिरडलेला लिथियमचा सेल पेट घेतो, आणि त्या गाडीवर माणसे काम करीत असतात.